परीघ

पाथर्डी फाट्यावर चौदा मजले चढायचेत
आणि तळाशी गाड्यांना वळायला जागा हवी,
म्हणून बारा नंबरचा कॉलम
जमिनीपर्यंत येतच नाही.
नऊशे मिलिमीटरच्या स्लॅबवर तो उभा राहणार.
खाली कुणी नाही
हे त्याला सांगितलेलं नाही.

आठ हजार तीनशे किलोन्यूटन.
कॉलमपासून थोडं अंतर सोडून
मी पेन्सिलने भोवती चौकोन काढते.
तुटलंच तर इथून तुटेल,
लाटलेल्या पोळीतून वाटीने
पुरी पाडावी तसं.

ताण एक पूर्णांक त्रेसष्ट.
चालतो एक पूर्णांक अठ्ठावन्न.
बोरस्ते शेठ फोनवर म्हणाले,
"पाच पैशांचा तर फरक, मॅडम."

वाकणारा स्लॅब परवडला, शेठ.
तो बोलतो. भेग पडते, दार घासायला लागतं,
कुणाची तरी फरशी उलते, कुणीतरी फोन करतं.
गोदासुद्धा सांगून येते:
दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी,
कमरेला पाणी,
गळ्याशी आलं की काठावरचे दुकानदार
माल वरच्या फळीवर टाकतात.
ह्याला गुडघा नाही. कंबर नाही.

स्लॅब पन्नासने जाड केला.
एक पूर्णांक एकोणपन्नास.
शेठ आठवडाभर बोलले नाहीत.

आज साइटवर आले.
जाळी बांधून झालेली, मुख्तारभाई
बांधणीच्या तारेला शेवटचे पीळ देत होते,
आणि कॉलमच्या शिगांना खेटून
पगारेंनी दोन नळ्या उभ्या केलेल्या, चार इंची.
"बाथरूमच्या आहेत. पाणीच तर जाणार."

खडू मागितला.
कॉलमच्या मध्यापासून निघून
नळ्यांच्या दोन्ही कडांना शिवत
दोन रेघा बाहेर ओढल्या, शिगांवरून तुटत तुटत.
ह्या दोघींमधला परीघ
आपला नाही, पगारे.
साठ सेंटिमीटर गेले.
मोबाइलवर भागाकार केला:
एक पूर्णांक पासष्ट.
पन्नास मिलिमीटर काँक्रीट, आठवड्याचा अबोला,
सगळं दोन नळ्यांतून वाहून गेलेलं.

गेटवर काँक्रीटची गाडी
ड्रम फिरवत उभी. ड्रायव्हर हॉर्न देतो.
मुख्तारभाई काही न बोलता
पक्कड काढतात, तारा सोडवतात.
पगारे नळ्या खांद्यावर घेऊन विचारतात,
"मग कुठे?"

मी शिगांवर जपून पाय ठेवत
कॉलमपासून लांब चालायला लागते.
"इथे?" ते मागून विचारतात.
अजून.
"इथे?"
अजून थोडं.