पूर्ण मापाची

कुर्ल्याला मुस्तकीम टायरवाला म्हणाला,
छोटी स्टेपनी कामाची नाही.
गाडीवर खोली बांधलीत ना?
मग वजन घराचं धरायचं.

तर ती आली,
रबराचे केस अजून अंगावर.
खाली टांगावी तर पाण्याची टाकी,
टपावर ठेवावी तर उतरवणार कोण?
इजिदोरने पलंगाखालची पेटी ओढली.
माझं लग्नाचं लुगडं भावाकडे गेलं, गोराईला.

चार वर्षं. एकदाही पंक्चर नाही.
रात्री वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलला लागतो.
तो घोरतो,
मला गादीतून नव्या टायरचा वास येतो.

महिन्याला तिची हवा बघतो तो,
गुडघ्यावर बसून,
व्हॉल्व्हला बोटाने थुंकी लावून,
श्वास धरून.

माझं बीपी
मीच बघते.