पान २१२

सात जणांनी दिलाय हा संदर्भ,
बहुतेक एकमेकांवरून उतरवून.
मूळ प्रबंध लीड्सच्या तळघरात:
१९५८, टंकलिखित, कोकणातली मिठागरं.
चाक फिरवलं की कपाटं सरकतात
कण्हत.

ऑल्ड्रॉइडबाईंनी फोमची उशी दिली,
पेन काढून घेतलं.

वाक्य आहे, जसंच्या तसं:
‘मिठागरांत स्त्रिया काम करीत नसत.’
आणि समासात, शिसपेन्सिलीनं, तिरक्या अक्षरात, मराठीत:
‘करत. माझी आई करायची.
बघायचे होतेस तिचे पाय.’

सही नाही. साल नाही.
याची तळटीप कशी द्यायची?

“काही मिळालं?”
बाई परत आलेल्या पुस्तकांतल्या
खुणा खोडत बसल्यात,
रबराचा चुरा फुंकरीनं उडवत.

मी प्रबंधावर कोपर ठेवते.
अजून वाचतेय, म्हणते.