शेऱ्याचा रकाना

तहसिलीच्या मागच्या खोलीत,
जिथं मतपेट्या आणि उंदीर राहतात,
मला एकोणतीस वर्षांची रजिस्टरं दिली.
एका नोंदीला दीड रुपया.
वीज पडून मृत्यू: गाव, वय, वेळ, अक्षांश.
शेऱ्याचा रकाना सोडा, म्हणाले नागपूरचे साहेब,
यंत्राला गोष्टी कळत नाहीत.

हळूहळू तलाठ्यांची अक्षरं ओळखू यायला लागली.
एक जण वीज कायम ऱ्हस्व लिहायचा,
एकाची शाई दर जुलैत फुटायची.
आणि शेरे :
'डबा उघडला होता. अंबाडीची भाजी.'
'मोहाखाली चौघी. एकीला अजून ऐकू येत नाही.'
'बैलजोडी पण. बैलांची नोंद वेगळी.'
'नवरा सांगतो फुलवंता, कार्डावर फुलन.'
कसं सोडू?

मग मीच अंक पाडले.
मोह एक, धुऱ्यावरची बाभूळ दोन,
उघडी बांधी तीन, लोखंडी दांडीची छत्री चार.
फुकटात. रात्री, लाईट असली तर.

नागपुरात त्यात उपग्रहाचे आकडे मिसळले,
मनोऱ्यांचे, ढगांच्या उंचीचे,
आणि पडद्यावर जिल्हा उगवला,
गोवर आल्यासारखा ठिपके ठिपके.
रोवणीचे वीस दिवस, दुपारी दोन ते पाच,
बायाच जास्त.
साहेब चक्रावले. इशारा तर जातो मोबाईलवर,
अर्धा तास आधी, मराठीत!

मी सातवीपासून पऱ्हे लावलेत.
गुडघाभर चिखलात मोबाईल कोण नेतं?
तो असतो पन्नीत, पन्नी डब्याच्या पिशवीत,
पिशवी मोहाच्या फांदीला.
इशारा येतो. मोह ऐकतो.
आणि एखादीला घंटी ऐकू गेलीच,
तर ती धावते
झाडाकडे.

यंदा कोतवाल दुर्योधन पुस्तोडेला भोंगा दिला,
मंडपवाल्याचा, जुना.
पहिल्यांदा वाजला तेव्हा पोरं नाचली.
दुसऱ्यांदा आभाळ कोरडं गेलं,
बाया शिव्या देत परत चिखलात उतरल्या.
तिसऱ्यांदा पिंपळटोल्यात बावीस जणी
कुरकुरत शाळेच्या व्हरांड्यात शिरल्या,
आणि मोह उभा चिरला.
सात मोबाईल गेले. एक डबा वितळला.

रात्री नोंद करायला बसले.
गाव : पिंपळटोला. वेळ : तीन वाजून बारा.
मृताचे नाव
रिकामं ठेवलं, तर यंत्र पुढे सरकेना.
लाल अक्षरांत म्हणे, हा रकाना भरणे आवश्यक आहे.
तशीच उघडी ठेवली नोंद. दीड रुपया बुडाला.

सकाळी भागरता नेवारे दारात.
"बाई, तुह्या कंपूटरात हेबी लिव.
मालकानं पाऊण घंट्याची मजुरी कापली.
भोंगा तुमचा, अन् पैसे आमचे काऊन?"

लिहिलं, शेऱ्याच्या रकान्यात.
बावीस जणी, पाऊण तास.
याला कोणता अंक द्यावा?
पाच अजून कुणालाच दिलेला नाही.