शेरा

शपथपत्र आडवं स्कॅन केलंय.
आधी मान वाकडी करून वाचलं,
मग लॅपटॉपच उभा धरला भिंतीला टेकवून
तसबिरीसारखा.
चौतीस वर्षं कोर्पोरेशनच्या ऑडिटमध्ये गेली माझी,
कागद कुठल्याही कुशीवर निजलेला असो,
बेरजेला मी उठवून बसवते.

सोनं : पत्नीच्या नावे, चाळीस तोळे.
शेतजमीन : वडिलोपार्जित.
वाहन : नाही.
(कालच ते "नाही" आमच्या गल्लीत
मागे घेताना ज्योत्स्नाबेनच्या स्कूटीला घासलं.
काळं होतं. काचा काळ्या.)

निवडणूक खर्चाचा चोपडा, पान सात.
गुजराती अक्षर, माझ्यापेक्षा वळणदार.
खुर्च्या दोनशे, दर पाच रुपये.
त्या सभेला मी होते, बाविसाव्या रांगेत,
एका रांगेत तीस,
मोजायला वेळ होता, भाषण मागचंच होतं.
चहा, कप तीन रुपये.
दांडिया बाजारात तीन रुपयांत
कप विसळूनसुद्धा कोणी देणार नाही.
एकूण खर्च मर्यादेच्या निम्म्याच्या आत.
एवढा काटकसरी माणूस आमच्या खात्यात असता
तर आम्हाला पेन्शन वेळेवर मिळती.

देणगीदारांत एक ट्रस्ट सापडला,
पत्ता अलकापुरी, तिसरा मजला.
बस पकडून गेले.
दुसऱ्या मजल्यावर गच्ची, गच्चीत टाकी,
टाकीवर एक कबूतर,
त्याने मला विचारलं नाही कुणाकडून आलात.

मग गुणपत्रिका.
बिल्डरांच्या मंडळाचे दहापैकी नऊ.
शिक्षक संघाचे चार, तेही एकाच्या शिफारशीवर.
विधानसभेत हजेरी बरी, प्रश्न अकरा.
विश्वामित्रीबद्दल एकही नाही,
जी मागे एकदा माझ्या जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत
विचारपूस करायला आली होती,
पाठोपाठ तिची मगर.

इथवर मजा येत होती, खोटं का बोलू.
चहा थंड करून पीत होते,
पेन्सिलीने खुणा करत होते,
जणू परत टेबल मिळालंय, वर पंखा, समोर घंटी.

ऋतुपर्णने रात्री शीट पाठवली.
भाचा माझा, प्रचाराच्या आकड्यांचं काम करतो.
"मामी, तुझाच बूथ बघ, कुणाला दाखवू नकोस."
बूथ एकशे चौदा.
जात, वय, घर मालकीचं की भाड्याचं,
कुणाचा मुलगा कॅनडाला,
कुणाकडे फोन आहे पण उचलत नाहीत.
आमची ओळ खालून तिसरी :
मराठी, जुने रहिवासी, अठरा टक्के.
शेरा : नाराज नाहीत.

दीड वाजला होता.
कर्सर त्या दोन शब्दांपुढे उघडझाप करत राहिला,
रिसेप्शनवरच्या मुलीसारखा :
अजून काही काम आहे का?

चोपडा पुन्हा उघडला, पहिल्या पानापासून.
मंडप, माईक, पत्रकं, फुलं, रिक्षा.
डबे नाहीत.
गेल्या हळदीकुंकवाला आमच्या मंडळात
तीनशे वाटले होते, स्टीलचे,
झाकणावर साहेबांचा चेहरा.
खजिनदार मी.

उठून स्वयंपाकघरात गेले.
चेहरा मी गरम पाण्यात भिजवून कधीच काढलाय,
डिंक मात्र अजून बोटाला धरतो.
आत रवा.

माझ्याच वहीत ओळ घातली :
डबा, स्टील, झाकणासह, नग एक.
अंदाजे दर दोनशे दहा.
घेणार : नलिनी चौबळ, आणि सही,
लपेटीसकट, जशी बिलांवर करायचे.
शेऱ्याचा रकाना तासभर तसाच होता.

मग रवा ओतायला दुसरं भांडं शोधू लागले.
एवढा रवा मावेल असं
घरात दुसरं काही नव्हतं.