दोन बोटं माया

पारव्याहून पहिली गाडी पावणेसातची.
अर्धं तिकीट, मांडीवर पिशवी,
पिशवीत भाकर, आधार कार्डाच्या झेरॉक्स,
अर्जाच्या तीन प्रती
आणि टेप.
ती कशाला घेतली, मलाही ठाऊक नव्हतं.
रोज गळ्यात असते. उतरवली आणि टाकली.

अर्ज कचेरीबाहेरच्या टायपिस्टनं केला,
कडुनिंबाखाली, दीडशे रुपयांत.
"ताबाच ना?" त्यानं विचारलं.
"पोरगी पायजे," मी म्हटलं.
"तेच ते. ताबा."
बाबाच्या धुऱ्यासाठी काकानं केस टाकली
तेव्हाही हाच शब्द होता.
मोजणीवाला साखळी घेऊन आला, दगड रोवून गेला.
धुरा मात्र दरवर्षी सरकतच राहिला,
नांगराच्या एका तासाइतका.

हर्षाली "सदर अल्पवयीन" झाली.
जन्मतारीख बरोबर, वडिलांचं नाव बरोबर.
माझ्या अंगावर पाय टाकल्याशिवाय तिला झोप येत नाही,
याला रकाना नव्हता.

पुकारा झाला. वनमाला नितेश येलेकार.
आडनाव अजून त्याचंच.
तिकडे काळा कोट, फाईल, फाईलला लाल फीत.
मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं.
"तुमचे वकील कुठे आहेत?"
"नाही जी."
"मोफत मिळतो. विधी सेवेत अर्ज करा."
"केला होता जी. ते दोनदा आले, मंग नाही आले.
आता मीच बोलतो."

समोरचे वकील म्हणाले, अर्जदार शिवणकाम करते,
उत्पन्न अनिश्चित, राहायला टिनाची एक खोली,
संडास शेजाऱ्यांचा.
सगळं खरं होतं.
खोटं बोलले असते तर
मला उत्तर सापडलं असतं.

"पुरावा काय आहे तुमच्याकडे?"
मी वही काढली. मापाची.
गिऱ्हाइकांच्या मापांत मधेमधे तिची मापं:
तान्ह्या पोळ्याला लांबी बावीस,
दिवाळीला छाती बावीसच,
शाळेच्या पहिल्या दिवशी बाही, कंबर,
बाजूला पेन्सिलीनं तिनंच काढलेलं एक मांजर.
मग अर्धं पान कोरं.
त्यानंतर नुसते बायांचे ब्लाऊज.

मॅडमनी पान उलटलं. परत मागे उलटलं.
वकील उठले, "हा शाबीत दस्तऐवज नाही."
"बसा," त्या म्हणाल्या.
वही मला परत मिळाली.
तिच्यावर निशाणीचा आकडा काही पडला नाही.

मग अर्धा तास भेट, समुपदेशकांच्या खोलीत.
भिंतीवर ससा, एका कानाचा रंग उडालेला.
ती दाराशीच उभी.
चप्पल नवी. नखं वाढलेली.
मला काही सुचेना. तोंडात येत होतं ते सगळं
कागदावरचं, टायपिस्टचं.
मी टेप काढली.
ती आपसूक पाठमोरी झाली, हात पसरून,
मशीनपाशी उभी राहायची तशी.
खांदा साडेदहा. लांबी सत्तावीस.
छातीपाशी हसली.
"माय, गुदगुल्या होते न."
साडेतेवीस.
अठरा मिनिटं उरली होती.
मी पुन्हा सगळं मोजलं, सावकाश.
आकडे तेच आले.

निकाल नाही. तारीख वाढली.
घाटंजीच्या गाडीत शेजारच्या बाईनं विचारलं,
"कावून गेल्ती वो यवतमाळले?"
"माप घ्याले," मी म्हटलं.

रात्री कापड बेतलं. निळं, पिवळ्या ठिपक्यांचं.
सतरा तारखेलाच घालायचा असता
तर आहे ते माप पुरे होतं.
पण तारखेचं काय सांगावं.
दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं माया सोडली,
घेराला चार,
आत दुमडून वर कच्चे टाके घातले,
एक दोरा ओढला
की उसवतील असे.