आवडीनिवडी : दोन ओळी

रीगाहून आलेल्या फॉर्ममध्ये
नाव, जन्मसाल, निदान, नळ्या किती,
कुशीवर कोण वळवतं
या सगळ्याला ऐसपैस चौकटी होत्या.
अगदी तळाशी ‘आवडीनिवडी’, आणि दोन ओळी.
एलिना नावाची पोर तो घेऊन आली,
पेनचं टोपण दातांत धरून म्हणाली,
थोडक्यात सांगा.

थोडक्यात!
झिग्रीदाला विचारून बघ थोडक्यात.
मधुमेहानं तिचे दोन्ही पाय नेले,
जंगल नेता आलं नाही.
कुठल्या बर्चच्या उत्तरेला पिवळी आळंबी उगवते,
कुठल्या ओढ्यापलीकडे फक्त विषारी,
पन्नास वर्षांचा नकाशा तिच्या डोक्यात, कुलूपबंद.
ऑगस्टमध्ये फरशी पुसणाऱ्या बाईला ती एक जागा सांगते, एकच,
आणि निम्मी बादली वसूल करते.
आवडत नाही त्या डॉक्टरला
तिनं मागच्या वर्षी दलदलीत पाठवलं होतं.

तालिवाल्दिसनं एकतीस वर्षं ट्राम चालवली.
आता खिडकीशी बसून
लिएपायाच्या वाऱ्यात वळणावर येणारी प्रत्येक ट्राम
घड्याळाशी ताडून बघतो, आणि डेपोला फोन.
"चार सतराची चार एकवीसला गेली."
पलीकडून आवाज येतो, काका, तुमच्यापायी
आमच्या माणसांना बोलणी बसतात.
हे तो आम्हाला जेवताना सांगतो,
छातीवर पदक लावल्यासारखा.

ओयार्स मानेखाली कुठेच नाही.
श्वास यंत्राचा. बुद्धिबळ स्वतःचं.
क्लायपेदातल्या एका निवृत्त वीजतंत्र्याशी
पोस्टकार्डानं डाव चाललाय, तिसरं वर्ष.
चाल तो डोळ्यांनी सांगतो, मी लिहिते,
माझा हात थरथरतो, म्हणून
एकदा घोडा भलत्याच घरात गेला.
तिकडून उत्तर आलं : धाडसी!
तेव्हापासून वजीर नाही आमच्याकडे.
तरी डाव आहे, असं ओयार्सचे डोळे म्हणतात.

आणि तुमचं? एलिनानं विचारलं.
मी हातमोजे विणायचे, नक्षीचे,
पण ते झालं होतं-पण-नव्हतं.
आता मला बूट आवडतात.
पलंगाभोवतीच्या पडद्याखाली
वीतभर जागा उरते, तेवढं माझं जग.
कुणाचा मुलगा उंबऱ्याशी किती वेळ उभा राहिला,
कुणाची सून टाच उचलून घड्याळ बघते,
कोण येताना चिखल घेऊन येतं
आणि जाताना सावकाश जातं,
सगळं कळतं.
बारा वर्षांत चेहरे चुकले असतील, बूट नाही.

तिनं लिहिलं : बूट.
खाली जागाच नव्हती, मग कागद पालथा केला
आणि ट्रामच्या वेळा मागच्या बाजूला आल्या.

कशासाठी हे? मी विचारलं.
तिनं पेनला टोपण लावलं, पुन्हा काढलं.
मजला ठेवायचा की तुम्हाला दुसरीकडे हलवायचं
हे ठरतंय म्हणाली. अजून नक्की काही नाही.

तिकडे रूळ आहेत का? तालिवाल्दिस.
जंगल कुठलं, पाइनचं की मिश्र? झिग्रीदा,
आणि उत्तराआधीच तोंड फिरवलं,
नव्या जंगलाशी ओळख व्हायला
किती पावसाळे लागतात ते तिला माहीत होतं.
ओयार्सनं डोळे मिटले, उघडले, मिटले.
मी अक्षरं जुळवली :
का र्ड  वा टे त  आ हे.

एलिना काहीच बोलली नाही.
तिचा डावा बूट शिवणीपाशी उसवलेला, ओला.
ट्रामचे पैसे वाचवून चालत आली होती पोर.
पडद्याखाली ते बूट
बराच वेळ दाराकडे वळलेच नाहीत.

रात्री मी पोस्टकार्ड लिहिलं.
हत्ती दोन घरं पुढे.
पाठवणाऱ्याच्या पत्त्याशी थांबले,
मग नेहमीचाच घातला, तिसरा मजला,
आणि कंसात, अगदी बारीक अक्षरात : सध्या.
ओयार्सनं डोळ्यांनी सांगितलं,
खोड ते.