दोदोलचं जेवण

आठ दिवसांत येते, म्हणाली इबान,
आणि काचेची पेटी, दिवा, वहीचं एक फाटकं पान
माझ्या बाल्कांवात ठेवून शिलाँगला गेली.
वडील आजारी. भाडेकरू असली म्हणून काय झालं?

पेटीत दोदोल.
नाताळातल्या दोदोलाचाच रंग, तसाच तुकतुकीत,
मनगटाएवढा जाड, आफ्रिकेचा अजगर,
सरकारी कागद असलेला.
माझ्या घराचेसुद्धा इतके साफ कागद नाहीत.

पानावर तिचं हिंदी:
गुरुवार को एक चूहा. गरम पानी में रखना.
सिर ज़्यादा गरम. चिमटे से हिलाना.
नहीं खाएगा तो ग़ुस्सा मत होना.

आमच्या घरात सात पिढ्या अंडं शिरलं नव्हतं.
आता बर्फाच्या कप्प्यात, मटारच्या पिशवीमागे
पांढरे उंदीर पाय दुमडून झोपलेत.
देवांना सांगितलंय, पाहुणे आहेत.

पहिल्या गुरुवारी त्यानं वास घेतला, जीभ आत घेतली
आणि मान वळवली, व्याह्यांसारखी.
दुसऱ्या गुरुवारी तेवढंही नाही.
मग मी दिवा बदलला, पेटीवर धोतर टाकलं,
उंदीर नाचवला, धावडवला,
एकदा तर त्याच्या वतीनं चीं चीं केलं.
बायको असती तर माहेरी गेली असती.

शेजारची एस्पेरांसा कुंपणावरून रोज विचारते,
'जेवलो मूं?'
मला की त्याला, मी विचारत नाही.
नाही, म्हणतो.
न खाल्लेला उंदीर तिच्या मांजरीला.
रायबंदरात इतकी गरगरीत मांजर दुसरी नाही.

पणजीच्या डॉक्टर उसगावकरांनी त्याला भाजीच्या तराजूत टाकलं.
सव्वा किलो. काही झालेलं नाही, म्हणाले,
थंडीत हे महिनोन् महिने राहतात.
तुमचंच वजन बघू का?

अकरावा गुरुवार.
चर्चवर तारा लागलेला, चोडणची फेरी भोंगा देतेय,
आणि मला उगाच खुशाली आठवला.
तिसरीत होता, चोडणहून यायचा.
वाचायला उभा केला की ओठ शिवलेले.
मी छडी आपटली, लाडू दाखवला, बापाला बोलावलं.
मग एकदा फळा पुसताना, पाठमोरा असताना,
मागून अख्खा धडा आला, एका श्वासात,
स्वल्पविरामसुद्धा न घेता.
वळलो असतो तर विझला असता.
कोरडा फळा मी पुसतच राहिलो.

छत्तीस वर्षं शिकवून एवढंच शिकलेलं,
तेही अकरा आठवडे विसरलेलं.

दिवा मालवला. पेटीकडे पाठ केली.
पूर्वी छडी धरायचो तसा
पाठीमागे चिमटा धरला,
आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर
पुढच्या वर्षीच्या एकादश्या मोजू लागलो.
निर्जला कधी ते बघत होतो, खरंच बघत होतो,
तेव्हा चिमट्याला हिसका बसला.

खांद्यापर्यंत आला तो.
इतक्या जोरानं माझ्या हातून
कुणी काही घेतल्याला फार वर्षं झाली.

वळलो नाही. जूनपर्यंत गेलो, जुलैपर्यंत.
मागे पेंढ्याची सळसळ, मग तीही नाही.
डिसेंबर पुन्हा आला तेव्हा बघितलं:
ओठांतून एक गुलाबी शेपूट बाहेर,
न पुसलेल्या काट्यासारखी. मग ती आत.

इबानला एकच शब्द पाठवला. 'खाया.'
बारीक खूण एकच उमटली, दुसरी उमटेना.
तिचे वडील कसे आहेत, हे लिहायचं राहिलं.
लिहून पुसलं. रात्री नको.

अंगणात एस्पेरांसाची मांजर
गुरुवार ओळखून बसलेली.
तिला म्हटलं, आज काही नाही गं.

आणि आत, काचेमागे, दोदोलच्या अंगातला तो उंचवटा
सावकाश निघालाय,
रात्रीच्या शेवटच्या फेरीसारखा,
हा काठ सुटलेला,
चोडण अजून आलेलं नाही.